मुख्य गायिका जाते तेव्हा: जुडिथ डरहम आणि सीकर्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तुमचा पाच जणांचा गट आहे. भारुडं, जात्यावरच्या ओव्या, कोळीगीतं तुम्ही गिटार, बास आणि संबळ घेऊन नव्याने बसवता. सात वर्षांनंतर तुमची मुख्य गायिका म्हणते आहे की आता मला एकटीने गायचंय. गटातले दोघं दुखावले आहेत, एकाला वाटतं गट बंद करावा. आणि कुणीतरी तिला सांगितलंय, ‘सीकर्स या ऑस्ट्रेलियन गटातून बाहेर पडून त्यांची मुख्य गायिका जुडिथ डरहम हिचं काय झालं ते बघ, गेली ना विस्मरणात.’ तुम्ही विचारता, डरहमने चूक केली का? आणि ही गेली तर आम्ही काय करायचं?

मी मूळची सांगलीची. गेली अठ्ठावीस वर्षं मेलबर्नमध्ये राहते आणि छोट्या गायनगटांना आवाजांची मांडणी बसवून देणं हे माझं काम आहे. सीकर्स याच गावचे. इथल्या सत्तरीतल्या कुठल्याही बाईसमोर त्यांच्या ‘कार्निव्हल’ या गाण्याची पहिली ओळ गुणगुणा, ती दुसरी ओळ पुरी करते. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी थोडं जास्तच बोलेन, चालवून घ्या. माझं उत्तर आधीच सांगते: डरहमने चूक केली नाही. पण ती गेल्यावर जे झालं त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, तिच्या बाजूने आणि उरलेल्या तिघांच्या बाजूनेही.

हा गट १९६२ मध्ये मेलबर्नला सुरू झाला, तेव्हा त्यात डरहम नव्हतीच. अ‍ॅथॉल गाय डबल बास वाजवायचा, कीथ पॉटगर आणि ब्रूस वूडली गिटार, बँजो वगैरे, आणि मुख्य गायक होता केन रे नावाचा एक पुरुष. रे लग्न करून बाहेर पडला. म्हणजे जो गट आज आपण ‘जुडिथ डरहमचा गट’ म्हणून ओळखतो, तो स्वतःच मुख्य गायक गेल्यानंतर उभा राहिलेला आहे. हे तुमच्यातल्या त्या गट बंद करायला निघालेल्या मित्राला आवर्जून सांगा.

डरहम तेव्हा एका जाहिरात कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली होती. अ‍ॅथॉल गायही तिथेच कामाला होता. त्याने तिला ‘ट्रेबल क्लेफ’ नावाच्या कॉफी लाउंजमध्ये गायला बोलावलं. ती आली ती जॅझ गाणारी मुलगी म्हणून. पियानो शिकलेली, ब्लूज आणि गॉस्पेलवर जीव, फ्रँक ट्रेनर यांच्या जॅझ बँडबरोबर १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची छोटी रेकॉर्डही केलेली. लोकगीतं तिचा पहिला ध्यास नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरतं.

आणखी एक गोष्ट, जी गाणाऱ्यांना कळेल. लहानपणी गोवर झाला आणि त्यातून तिच्या फुप्फुसांना कायमचा आजार जडला, ब्राँकिएक्टेसिस. श्वासनळ्या रुंद होऊन त्यांत कफ साठत राहतो. असा आजार अंगात घेऊन ती बाई त्या स्वच्छ, सरळ, जवळजवळ न कापणाऱ्या आवाजात लांबच्या लांब ओळी एका दमात गायची. मी माझ्या विद्यार्थ्यांना श्वासाचे व्यायाम देते तेव्हा तिची रेकॉर्ड लावते. ऐकताना माझ्याच अंगावर काटा येतो.

१९६४ मध्ये हे चौघं ‘फेअरस्काय’ नावाच्या बोटीवर, प्रवाशांसाठी गात गात, इंग्लंडला गेले. बेत दहा आठवडे राहून परतण्याचा होता. तिथे ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड मुख्य आकर्षण असलेल्या एका कार्यक्रमात ते गायले आणि त्यातून डस्टीच्या भावाशी, टॉम स्प्रिंगफील्डशी गाठ पडली. इथे जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या माणसात आहे.

टॉमचा स्वतःचा गट होता, ‘द स्प्रिंगफील्ड्स’. तो, त्याची बहीण डस्टी आणि तिसरा एक गायक. लोकसंगीताच्या चालीवरचं पॉप. १९६२ मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या विसांत गेलं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये दोन गाणी पाचव्या क्रमांकापर्यंत पोचली. मग मुख्य आवाज, म्हणजे बहीण, निघाली. अमेरिकेच्या दौऱ्यात न्यू यॉर्कमध्ये तिच्या कानावर तिथल्या कृष्णवर्णीय मुलींच्या गटांचा आवाज पडला आणि आपल्याला हे गायचंय हे तिला कळलं. १९६३ मध्ये गट मोडला, आणि त्याच नोव्हेंबरात तिचं पहिलं एकटीचं गाणं बाजारात आलं. त्यात लोकगीताचा मागमूस नव्हता. तालवाद्यं, ब्रास, व्हायोलिनांचा ताफा. गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं. गट मोडल्यापासून पहिल्या रेकॉर्डपर्यंत दोन महिनेसुद्धा गेले नसतील. म्हणजे ती बाहेर पडली तेव्हा कुठला आवाज, कुठलं गाणं, कोण संगीतकार, हे सगळं तिच्या हातात तयार होतं.

टॉमकडे मात्र गाणी उरली आणि गायला बहीण नव्हती. तेवढ्यात समोर एक मुलगी आणि तीन पुरुष आले, गिटारी आणि डबल बास घेऊन. त्याने त्यांच्यासाठी ‘आय’ल नेव्हर फाइंड अनदर यू’ लिहिलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, अमेरिकेत चौथ्या. त्याच वर्षाच्या शेवटी ‘द कार्निव्हल इज ओव्हर’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर, आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या चौदा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्याची चाल रशियन लोकगीताची, स्टेंका राझिन नावाच्या बंडखोरावरच्या गाण्याची. टॉमने ती उचलली आणि शब्द नवे लिहिले. तुम्ही ओव्यांचं जे करता, तेच. १९६६ च्या अखेरीस आलेलं ‘जॉर्जी गर्ल’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, त्याला ऑस्करचं नामांकनही होतं. संगीत टॉमचंच, शब्द जिम डेलचे.

बघा, एकच माणूस, दोन गट, दोन गायिका, आणि दोघीही त्याला सोडून गेल्या. एक जाताना स्वतःचं गाणं घेऊन गेली. दुसरी आवाज घेऊन गेली, गाणं मात्र टॉमच्या टेबलावर राहिलं. माझ्या मते डरहमच्या पुढच्या वर्षांचा सगळा फरक एवढाच आहे. आवाजात ती डस्टीपेक्षा कुठेही कमी नव्हती.

आता ती का गेली. मार्च १९६७ मध्ये इथल्या सिडनी मायर म्युझिक बाउलमध्ये सीकर्स गायले, तेव्हा दोन लाख माणसं आली होती. त्या काळच्या मेलबर्नची वस्ती वीस लाखांच्या थोडी वर, म्हणजे दहातला एक माणूस तिथे उभा होता. मी त्या मैदानात कितीतरी वेळा गेले आहे. उतारावर हिरवळीवर बसलं की रंगमंच तळहाताएवढा दिसतो. तिथे ती मुलगी, चोविशीही गाठलेली नाही, तीन पुरुषांमध्ये उभी राहून गात होती. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना तिने तिघांना सांगितलं: सहा महिन्यांनी मी निघते.

लोक विचारतात, इतकं यश असताना का? मी उलट विचारते, इतकं यश असताना त्यात तिच्या वाट्याला गायला काय येत होतं? दर रात्री तीच गाणी, त्याच पट्टीत, त्याच चौकटीत. गटाचा आवाज बांधून झाला की तो बदलता येत नाही, लोक तोच मागतात. जॅझ गाणाऱ्या गळ्याला ओळ दर वेळी थोडी वाकवायची असते, उशिरा उचलायची असते. तीन जणांची हार्मनी बांधलेली असताना हे करायला जागाच नसते. तिने एक अक्षर उशिरा म्हटलं तर खालचे तिघं उघडे पडतात. तुमच्या गायिकेला विचारा, तिला नेमकी हीच घुसमट होते आहे का. होत असेल तर ती अहंकारी नाही, तिचा गळा तिला सांगतोय.

आणि डरहम काही अचानक उठून गेली नाही. १९६७ मध्येच, गटात असताना, तिच्या एकटीच्या नावावर एक गाणं निघालं होतं. तेही टॉमनेच रचलेलं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या तिसांतही गेलं नाही. दार किलकिलं करून तिने बाहेरचं हवामान बघितलं, गारठा आहे हे तिला कळलं, आणि तरीही ती निघाली. मला याचं फार मोल वाटतं. तुमच्या गायिकेला गटात असतानाच दोन-तीन गाणी एकटीच्या नावावर करू द्या. तिला आणि तुम्हाला, दोघांनाही खरं काय ते कळेल. गट फुटेल या भीतीने हे अडवणारे गट मी पाहिले आहेत. अडवल्याने जायची ओढ कमी होत नाही, गुपित मात्र वाढतं.

सहा महिन्यांची ती मुदत, तिचं काय झालं ते सांगते. कबूल केलेले सगळे कार्यक्रम त्यांनी पुरे केले. लंडनच्या ‘टॉक ऑफ द टाउन’मध्ये शेवटचे प्रयोग झाले, त्यांचं ध्वनिमुद्रण होऊन रेकॉर्ड निघाली. जुलै १९६८ मध्ये बीबीसीने निरोपाचा खास कार्यक्रम केला, एक कोटीहून जास्त लोकांनी तो पाहिला. आणि गट मोडल्यानंतर त्यांच्या निवडक गाण्यांचा जो संग्रह आला, तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि सव्वाशे आठवडे यादीत राहिला. बीटल्सच्या पांढऱ्या वेष्टनाच्या अल्बमला त्याने पहिल्या जागेवरून हटवलं होतं. नीट दिलेल्या निरोपाने चौघांनाही पुढची कैक वर्षं पोसलं.

यानंतर तिच्या एकटीच्या वाटेकडे बघू, कारण तुमच्या गायिकेला घाबरवायला तीच वापरली जाते आहे. १९६८ ला नाताळच्या गाण्यांचा अल्बम, १९७० आणि १९७१ मध्ये आणखी दोन. सुंदर गायलेले आहेत, पण त्यांत तिची वाट दिसत नाही. नाटकांतली गाणी, भक्तिपर, लोकप्रिय, थोडं सगळंच. ‘जुडिथ डरहम म्हणजे हे’ असं बोट ठेवता येईल असं काही नाही. इथे टॉमच्या टेबलाची उणीव भासते. पण १९६९ मध्ये तिने रॉन एजवर्थ या पियानोवादकाशी लग्न केलं, आणि सत्तरच्या दशकात दोघांनी मिळून जुन्या घाटाच्या जॅझचा बँड काढला. त्या रेकॉर्डी ऐका. याद्यांमध्ये त्यांचं नाव शोधू नका, फक्त ऐका. गळा मोकळा झालेला आहे. ती ओळ मागे खेचते, हसते, शब्दाला चावते. सीकर्समध्ये हा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

‘विस्मरणात गेली’ हे माप कुणाचं आहे? दोन लाखांसमोर गाणारी बाई दोनशे लोकांसमोर नवऱ्याच्या पियानोवर आपल्याला हवं ते गायली, याला अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे ती स्वतः गाणी लिहायलाही लागली. नव्वदच्या दशकातल्या अल्बममध्ये तिच्या स्वतःच्या रचना आहेत. मात्र तुमच्या गायिकेने हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. गटाला जे मानधन मिळतं त्याला पाचाने भागून जो आकडा येतो, तेवढाही एकटीला पहिली दोन वर्षं मिळणार नाही, कारण साथीदारांचे पैसे आता तिला स्वतः द्यायचे आहेत. आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, म्हणजे ट्रॅकवर, गाऊन हा खर्च वाचवता येतो, आणि पुष्कळ जणी तसं करतात. पण लोकगीत ट्रॅकवर मरतं. ओवीला थांबायला जागा लागते, आणि ट्रॅक थांबत नाही.

तिला माझा एकच प्रश्न विचारा: तुझं गाणं कोण लिहिणार, कोण बांधणार? नाव सांगता आलं तर ती तयार आहे. ‘बघू, मिळेल कुणीतरी’ असं उत्तर आलं तर तिला आणखी सहा-आठ महिने गटात राहून तो माणूस शोधू द्या. रेकॉर्ड कंपनीने विचारलंय एवढ्यावर निघू नये. कंपनी आज आवाज मागते, उद्या दुसरा आवाज मागेल.

आता तुम्ही उरलेले चौघं.

सीकर्सच्या तिघांनी काय केलं पाहा. कीथ पॉटगरने १९६९ मध्ये ‘न्यू सीकर्स’ काढला. बाकी चेहरे सगळे नवे, आवाज नवे, तरुण मुलं-मुली, आणि तो स्वतः सुरुवातीला त्यांच्याबरोबर गाऊन मग मागे राहिला. त्या गटाने पुढे १९७२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला, कोका-कोलाच्या जाहिरातीतून आलेल्या गाण्यावर. अ‍ॅथॉल गाय राजकारणात गेला आणि १९७१ पासून काही वर्षं व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेला सदस्य होता. ब्रूस वूडली गाणी लिहीत राहिला. ‘आय अ‍ॅम ऑस्ट्रेलियन’ हे त्याने डोबी न्यूटनबरोबर १९८७ मध्ये लिहिलं. इथल्या शाळांत ते मुलं राष्ट्रगीतासारखं गातात, माझ्या मुलीनेही गायलंय. मग १९७५ मध्ये या तिघांनी पुन्हा सीकर्स उभा केला, लुइझा विसेलिंग ही नवी गायिका घेऊन, आणि त्यांचं एक गाणं ऑस्ट्रेलियात चांगलं गाजलंही.

यातल्या दोन वाटा तुमच्या कामाच्या आहेत. पॉटगरची वाट म्हणजे नाव ओळखीचं, माणसं नवी, आणि जुन्या आवाजाची नक्कल अजिबात नाही. विसेलिंगची वाट म्हणजे गट तोच, एक जागा भरली. दुसरी वाट सोपी वाटते आणि कठीण असते, कारण प्रत्येक प्रेक्षक मनात तुलना करत बसतो. नवी मुलगी घ्यायची असेल तर गेलेलीसारखी गाणारी शोधू नका. ही चूक इतके गट करतात की मला दरवेळी कळवळून सांगावंसं वाटतं. सारखी म्हणजे नेहमी थोडी कमीच.

इथे आवाजांच्या मांडणीचं बोलायला हवं, ते माझं रोजचं काम आहे. सीकर्समध्ये चाल बहुतेक वेळा डरहमकडे, आणि तिच्याखाली तिघं वेगवेगळे सूर धरून उभे. तळाला अ‍ॅथॉल, मध्ये पॉटगर आणि वूडली. गटात ड्रमवाला नाहीच. बारा तारांची गिटार आणि डबल बास एवढ्यावर सगळी इमारत. म्हणून ती गेली तरी तिघांच्या हातात इमारतीचे तीन मजले उरले होते.

तुमच्याकडे तसं नाही. आपल्याकडे मुख्य गायकामागे झील असते. पोवाड्यात शाहीर ओळ म्हणतो आणि झीलकरी तीच ओळ, त्याच सुरात, वर उचलून धरतात. तुमचे जे कार्यक्रम मी पाहिले त्यांतही चौघं तिच्या मागे तीच चाल म्हणता. झील अतिशय ताकदीची गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. पण झील उभी राहायला समोर कुणी तरी लागतं. तिचा आवाज काढला की तुमच्याकडे रिकामी चौकट उरते. म्हणूनच गट बंद करावासा वाटतो आहे, आणि हे दुःख तुमच्या मांडणीतून आलंय, तुमच्या कुवतीतून नाही.

काय कराल? पुढच्या महिन्याभरात तुमची दहा गाणी घ्या आणि प्रत्येक गाण्याचा मुख्य आवाज वाटून टाका. भारूड तुमच्या संबळवाल्याला द्या. तो बोलतो तसा गातो, भारुडाला तेच हवं. कोळीगीतं दोघांनी सवाल-जवाबासारखी म्हणावीत. ओव्या मात्र बाईच्या गळ्यातल्या आहेत, त्या कुणा पुरुषाने घाईने उचलू नयेत. त्या सध्या बाजूला ठेवा. वर्षभर न गायल्याने ओव्या कुठे जात नाहीत, शेकडो वर्षं टिकल्या आहेत.

नवी गायिका आलीच तर पट्टी तिची ठरवा. तुमची आत्ताची गायिका काळी पाचमध्ये गाते आणि नवी काळी तीनमध्ये मोकळी होते असं धरू. तुम्ही म्हणाल, गिटारला पट्टी चढवायचा चिमटा, कापो, लावलाय तो काढू, तुणतुण्याची खुंटी ढिली करू, झालं. झालं नाही. तुमच्या झिलीतल्या पुरुषांचे सूर दोन स्वर खाली जातील, आणि जिथे त्यांचा आवाज खणखणीत वाजत होता तिथे तो पुटपुटल्यासारखा लागेल. झील वरच्या सुरातच झील असते. अशा वेळी गाणं नव्याने बसवावं लागतं, झिलीच्या जागा बदलाव्या लागतात. एका गाण्याला चार-पाच तालमी धरा. हे न करता जुन्या पट्टीत नव्या मुलीला ओढलं की तिचा गळा तीन महिन्यांत बसतो. मी अशा दोन मुलींना नंतर महिनोन्‌महिने सावरलं आहे.

कागदपत्रांबद्दल मी वकील नाही, पण गट कुठे अडकतात ते माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगते. गटाचं नाव कुणाचं, हे आज, सगळे एकमेकांशी बोलत असताना, लिहून ठेवा. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं, करमणुकीच्या सेवांसाठी तो वर्ग एक्केचाळीस. पारंपरिक ओवीवर किंवा भारुडावर कुणाचाच मालकी हक्क नाही, ती जाताना तीच ओवी गाऊ शकते आणि तुम्हीही. पण तुम्ही बसवलेला मधला संगीताचा तुकडा, नवीन जोडलेलं कडवं, हे ज्याने केलं त्याचं आहे. कुणी काय केलं याची यादी करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही, आणि गायकालाही आपल्या गायनाच्या व्यावसायिक वापरातून वाट्याचा हक्क आहे. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) अशा संस्था आहेत, तिथे नोंदणी करून घ्या. आणि कंपनी तिच्यापुढे जो कागद ठेवेल, तो तिने तुम्हाला नाही तरी एखाद्या वकिलाला दाखवावा. गटाची जुनी गाणी पुन्हा गायची मुभा त्यात राहते का, एवढं तरी नक्की बघावं. तुमच्या इंटरनेटवरच्या वाहिनीचा पासवर्ड एकट्या तिच्या फोनवर असेल तर तो आज रात्रीच पाचही जणांकडे असू द्या. हसू नका, मी याच एका कारणावरून मैत्री तुटलेली पाहिली आहे.

आता एक आठवण, जी मला अजून सलते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी सहा जणांच्या एका गटाची आवाज-मांडणी करत होते. आयरिश आणि इंग्लिश लोकगीतं, तुमच्यासारखाच नवा साज. दौऱ्याला तीन आठवडे उरलेले असताना त्यांच्या मुख्य गायिकेने संध्याकाळी फोनवर कळवलं, मी येणार नाही, मला दुसरीकडे करार मिळाला आहे. गटाने बदली मुलगी आणली, मी तिला अकरा दिवसांत चौदा गाणी शिकवली, आणि पहिल्या प्रयोगाला ती विंगेत थरथरत उभी होती. दौरा कसाबसा झाला. पण नंतर त्या सहा जणांमधले कुणीही पुन्हा एकत्र गायले नाहीत. जी गेली तिने पुढे छान गाणी केली, मी ती ऐकते. मात्र तिच्या जुन्या मित्रांपैकी एक जण वारला तेव्हा अंत्यविधीला ती मागच्या रांगेत एकटीच बसली होती. जिथे गट पुन्हा एकदा जमून एक गाणं म्हणणार होता, तिथे कुणी काही म्हटलंच नाही. मला त्या दिवशी सीकर्सचे सहा महिने आठवले.

कारण सीकर्स परत आले. १९९० मध्ये डरहम आणि रॉन यांना मोठा मोटार अपघात झाला. त्यानंतर लोकांचा जो लोभ तिच्यापर्यंत पोचला त्यातून पुन्हा एकत्र येण्याचा विचार सुरू झाला, आणि १९९३ मध्ये, पंचवीस वर्षांनी, तेच चौघं त्याच जागी उभे राहिले. हे एकत्र येणं चालू असतानाच रॉनला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं कळलं, १९९४ मध्ये तो गेला. त्या काळात तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते ते हेच तिघं, ज्यांना ती १९६८ मध्ये सोडून गेली होती. २००० मध्ये सिडनीच्या पॅरालिम्पिकच्या समारोपाला तिने ‘कार्निव्हल’ गायलं, खुब्याचं हाड मोडलेलं असल्यामुळे व्हीलचेअरमध्ये बसून. २०१३ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, वाचता-लिहिता येणं कठीण झालं, स्वरलिपीसुद्धा. गाणं मात्र राहिलं, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी निरोपाचे प्रयोग केले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती गेली, एकोणऐंशी वर्षांची होऊन. लहानपणीच्या त्याच फुप्फुसाच्या आजाराने अखेर गाठलं. टॉम स्प्रिंगफील्ड त्याआधी नऊच दिवस गेला होता. त्या आठवड्यात माझ्या तालमीला आलेल्या बायकांनी ठरलेलं गाणं बाजूला ठेवलं आणि तासभर फक्त टॉमची गाणी म्हटली.

तुमच्या दुखावलेल्या दोघांनी माझं एवढं ऐकावं. तिला निघायची तारीख विचारा, सहा महिन्यांनंतरची. तोवरचे कबूल केलेले सगळे कार्यक्रम ठरल्यासारखे करा. प्रेक्षकांना तुम्ही स्वतः, पाचही जण एकत्र उभे राहून सांगा, बातमी दुसऱ्या कुणाकडून जाऊ देऊ नका. शेवटचा कार्यक्रम नाशिकलाच करा, आणि त्याचं ध्वनिमुद्रण करताना तिचा माइक, संबळ, दोन्ही गिटारी, बास आणि झिलीतल्या चौघांचा प्रत्येकाचा वेगळा माइक असे सगळे ट्रॅक वेगवेगळे घ्या, एकत्र मिसळून नको. पुढे कधी नवी मुलगी ओव्या शिकायला बसेल तेव्हा तिला फक्त झील लावून देता येईल, समोरची जागा मोकळी ठेवून. त्या कार्यक्रमाची तारीख ठरली की मला कळवा. जानेवारीत मी सांगलीला येणार आहे. जमलं तर तालमीला दोन दिवस येऊन बसेन.